आइसपॅक कानाशी धरा: नव्या आरोग्य सेविकांना लसीकरण शिकवताना

बालाघाट (४ मार्च, रात्री ९.१०)

नमस्कार. बीड जिल्ह्यात ३३ वर्षं आरोग्य खात्यात नोकरी केली. निम्मी उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून, उरलेली आरोग्य सहायिका म्हणून. आता निवृत्त आहे. एप्रिलमध्ये नव्यानं लागलेल्या सेविकांचं दोन दिवसांचं लसीकरण प्रशिक्षण होणार आहे आणि त्यातली एक दुपार मला दिली आहे. त्या दुपारचं काय करावं, यावर तुमच्याशी बोलायचं आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतल्या एका प्रशिक्षणाबद्दल आधी सांगते. हॉलमधले दिवे बंद, पडद्यावर एकामागून एक चित्रं, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. निघता निघता मी सहज म्हटलं, "बायांनो, इथे लसी न्यायची गार पेटी, म्हणजे कॅरिअर आहे, चार आइसपॅक आहेत, लसींच्या रिकाम्या कुप्या आहेत. उद्याच्या सत्राला निघालात असं समजा आणि मला कॅरिअर भरून दाखवा." २६ जणी होत्या. बरोबर भरलं चौघींनी. बाकीच्यांनी डीप फ्रीझरमधून काढलेले, पांढरे, दगडासारखे आइसपॅक तसेच आत सरकवले. त्या आळशी नव्हत्या. दिवसभर त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं होतं, 'कंडिशन्ड आइसपॅक' हा शब्दही लिहिला होता. पण तो हाताला माहीत नव्हता.

इथे आरोग्य खात्याबाहेरचे बरेच जण आहेत, म्हणून उलगडून सांगते. आइसपॅक डीप फ्रीझरमधून निघतो तेव्हा उणे १५ ते उणे २५ अंशांवर असतो. लस मात्र अधिक २ ते अधिक ८ अंशांत राहायला हवी. म्हणून पॅक बाहेर काढून टेबलावर मांडायचे आणि थांबायचं. आधी वर दहिवर धरतं, मग घाम फुटल्यासारखे थेंब येतात. तेव्हा एक पॅक उचलून कानाशी धरायचा आणि हलवायचा. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की तो कॅरिअरमध्ये जायला तयार झाला. उन्हाळ्यात हे लवकर होतं, डिसेंबरात अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त लागतो. सकाळी आठला निघायची घाई असते, गाडीवाला हॉर्न देत असतो आणि नेमका हाच अर्धा तास खाल्ला जातो.

तो खाल्ला की काय होतं ते मी स्वतः केलं आहे. १९९१ चा जानेवारी, नोकरीचं दुसरं वर्ष. कडकडीत पॅक, त्यांना टेकलेल्या डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीच्या) कुप्या. वस्तीवर पोचले तेव्हा कुपीत बर्फ होता. मी ती मुठीत धरून वितळवली आणि नऊ बाळांना टोचली. गार म्हणजे चांगली, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या सहायिकाबाई आल्या. त्यांनी उरलेली कुपी हलवून टेबलावर ठेवली, शेजारी एक चांगली कुपी ठेवली आणि मला नुसतं बघायला सांगितलं. चांगली कुपी दुधाळ राहिली. माझ्या कुपीत कण धरले, ते तळाशी बसले आणि वर पाणी निवळलं. लस गोठली की तिची शक्ती जाते, टोचल्या जागी गाठही जास्त येते. ती नऊ बाळं टोचूनही न टोचल्यासारखीच होती. महिन्याभरानं नऊही घरी पुन्हा जावं लागलं. एका घरी बाळाच्या मांडीला सुपारीएवढी गाठ होती. त्याची आई दारातच उभी राहिली. ओरडली नाही. "मग आधीच्या सुईचं काय झालं, बाई?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लसीकरणाचं शिक्षण हाताला, कानाला, डोळ्याला व्हावं. पडदा नको. माझ्या दुपारी चार टेबलं मांडायचा विचार आहे. पहिल्यावर आइसपॅक आणि कॅरिअर. दुसऱ्यावर वेगवेगळ्या कुप्या: काही चांगल्या, काहींची मुदत संपलेली, काहींचा व्हीव्हीएम (कुपीवरची उष्णतेची खूण) बदललेला, आणि त्यांतच मिसळलेली एक भलत्याच औषधाची कुपी, बघू कोण पकडतं. तिसऱ्यावर मोसंबी, त्वचेतल्या सुईच्या सरावासाठी. क्षयरोगाची बीसीजी आणि पोलिओची आयपीव्ही ही दोन्ही इंजेक्शनं त्वचेच्या आत द्यायची असतात. सुई जवळजवळ आडवी, टोकाचं छिद्र वर, ०.१ मिलिलीटर (महिन्याच्या आतल्या बाळाला बीसीजी ०.०५), आणि वर संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा उठला पाहिजे. फुगवटा नाही उठला तर औषध खाली गेलं. मोसंबीच्या सालीवर बाळाच्या कातडीसारखा फुगवटा दिसत नाही, पण हात आडवा ठेवायची सवय लागते. चौथं टेबल बोलण्याचं. त्याबद्दल तुम्हीच सांगा, कारण तुमच्यातले बरेच जण आईबाप आहात.

---

मोगरा (४ मार्च, रात्री १०.०२)

ताई, त्या आईचं वाक्य वाचून थांबले. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे, पुण्यात. महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी दर वेळी सगळं नीट सांगितलं, अर्धा तास बसवून ठेवलं. एकदा खाजगीत गेलो तर टोचून लगेच 'या आता'. दोन प्रश्न आहेत. अर्धा तास का बसवतात? आणि एकाच दिवशी दोन्ही मांड्यांत सुया, वर हातात एक, वर तोंडात थेंब, हे एवढ्या लहान जिवाला जड जात नाही का? मी विचारायला लाजले होते.

---

बालाघाट (५ मार्च, सकाळी ७.३०)

मोगरा, लाजायचं काहीच कारण नाही. हा प्रश्न आईनं विचारायची वाट न बघता सेविकेनं आपणहून सांगायला हवं. जड जात नाही. बाळ रोज रांगताना, बोटं चोखताना याहून कितीतरी जास्त जंतूंना तोंड देत असतं. साडेतीन महिन्यांच्या फेरीला डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एक लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची न्यूमोकोकल, दंडावर आयपीव्ही आणि तोंडात पोलिओ व रोटाव्हायरस. सगळं एकाच दिवशी उरकलं की आईची एक खेप, एक दिवसाची मजुरी वाचते. आमच्याकडे ते फार महत्त्वाचं.

प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज काय दिलं आणि ते कशासाठी, पुढची तारीख, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आण. पाचवं म्हणजे अर्धा तास थांब. त्याचं कारण इथल्या डॉक्टरांपैकी कुणी सांगेल तर बरं.

---

पाचवामैल (५ मार्च, दुपारी २.१५)

मी सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे.

अर्धा तास अ‍ॅनाफायलॅक्सिससाठी. ही लसीनंतरची तीव्र अ‍ॅलर्जी. लाखो डोसांमागे एखादी, पण आली तर बहुतेकदा पहिल्या काही मिनिटांत येते. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, नाडी जलद आणि क्षीण. यावर एकच औषध, अ‍ॅड्रेनॅलिन, १:१०००. मांडीच्या मधल्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत खोल. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिलीटर. सेविकेला वजनाचं गणित करत बसावं लागू नये म्हणून वयानुसार तक्ता किटमध्ये असतो. पहिला डोस सेविकेनंच द्यायचा आहे, डॉक्टरची वाट बघायची नाही. द्यायचा, वेळ लिहायची, रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करायचे, १०८ ला फोन करायचा आणि जवळून हलायचं नाही.

कागदावर हे सर्वांना येतं. मी एकदा एका केंद्रावर न सांगता सराव घेतला. बाहुली टेबलावर ठेवली, "बाळाचा श्वास अडकतोय" म्हटलं आणि घड्याळ लावलं. किट कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली दुसऱ्या सिस्टरकडे. किट उघडलं तर अँप्यूल होतं, सिरिंज नव्हती. सहा मिनिटं गेली. खऱ्या बाळाकडे सहा मिनिटं नसतात. कुणाला बोललो नाही, पण त्या दिवसापासून किट सत्राच्या टेबलावर उघडं असतं. मुदत आणि सिरिंज निघण्याआधी दोघींनी तपासायच्या. बालाघाट ताई, तुमच्या दुपारी पाचवं टेबल मांडा आणि घड्याळ लावून सराव घ्या.

दुसरी बाजूही शिकवायला हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली, ९ महिने ते १५ वर्षं वयासाठी. वर्गात एक मुलगी घेरी येऊन पडली की मागून आणखी चार. ती अ‍ॅलर्जी नव्हे, भीती. चेहरा पांढरा, अंगाला घाम, नाडी मंद, आडवं केलं की दोन मिनिटांत बरं. दोहोंतला फरक ओळखता आला नाही तर एक तर उगाच पळापळ होते, नाहीतर खऱ्या वेळी उशीर. मुलांना रांगेत उभं करून एकमेकांच्या सुया दाखवायच्या नाहीत, उपाशीपोटी टोचायचं नाही, बसवून टोचायचं, एवढ्यानं निम्म्या घेऱ्या टळतात असा माझा अनुभव आहे.

---

तापमापी (५ मार्च, रात्री ८.४०)

शीतसाखळीचं, म्हणजे लसी गार ठेवायचं काम करतो. लसी माझ्या ताब्यात असतात.

व्हीव्हीएमबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. कुपीवर जांभळा गोल असतो, आत पांढरा चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेपर्यंत लस वापरायची. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की टाकायची. हे बहुतेकींना येतं. पण व्हीव्हीएम फक्त उष्णतेचं सांगतो. गोठून मेलेल्या कुपीवरही चौकोन पांढराशुभ्र असतो! बालाघाट ताईंच्या १९९१ च्या कुपीवर व्हीव्हीएम असता तर तोही "वापरा" म्हणाला असता. गोठण्याचा संशय आला की हलवून बघण्याची चाचणीच करायची. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपीबरोबर हलवायची, शेजारी शेजारी ठेवायची. दोन्ही सारख्याच वेगानं खाली बसल्या तर संशयितही गेली.

आयएलआर, म्हणजे लसींचा खास फ्रीज, वरून उघडतो, कारण थंड हवा जड असते. झाकण उघडलं तरी ती आतच राहते. पण त्याच कारणानं तळ सगळ्यात गार. पेंटा, हेपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), आयपीव्ही, पीसीव्ही (न्यूमोकोकल) या गोठून बिघडणाऱ्या लसी टोपलीतच ठेवायच्या, तळाला टेकवायच्या नाहीत. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. वीज गेली तर झाकण उघडून "गार आहे का" बघायचं नाही.

आणि आयएलआरमध्ये लस व तिचं द्रावक (पावडरची लस विरघळवायचा द्रव) सोडून काहीही नको. कुणाचा डबा, पाण्याची बाटली, दुसरं कुठलंही औषध. याबद्दल मी कडक आहे आणि लोक नाराज होतात.

---

दक्षिणसागर (६ मार्च, पहाटे ४.५५)

तापमापी, नाराज होऊ द्या. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी हे लिहायला बसले.

मी न्यूझीलंडमध्ये नर्स आहे, ऑकलंडला. आमच्या वॉर्डात सामोआचे खूप लोक येतात, सहकारीही आहेत. सामोआ म्हणजे प्रशांत महासागरातला दोन लाख वस्तीचा देश, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. ६ जुलै २०१८ ला तिथल्या सवाई बेटावरच्या एका रुग्णालयात दोन बाळांना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस दिली आणि दोन्ही बाळं काही मिनिटांत गेली. एमएमआर पावडरच्या रूपात असते, द्रावक घालून विरघळवावी लागते. द्रावकाऐवजी कुपीत गेलं होतं भूल देताना स्नायू शिथिल करायला वापरतात ते औषध, तेही मुदत संपलेलं. दोन्ही नर्सना पुढे तुरुंगवास झाला.

एवढ्यावर थांबलं नाही. सरकारनं एमएमआर बंद केली. कित्येक महिने ती बंदच राहिली. सुरू झाली तेव्हा आया येईनात. २०१८ साली पहिल्या डोसचं प्रमाण ३१ टक्क्यांपर्यंत घसरलं होतं. आणि २०१९ मध्ये गोवर आला, इथूनच, ऑकलंडहून. ५,७०० हून जास्त लोकांना गोवर झाला, ८३ मृत्यू. बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरात दोन दिवस सगळा देश बंद ठेवून घरोघरी लस दिली. ज्या घरात लस न घेतलेलं कुणी असेल त्या घरानं दाराशी लाल कापड लावायचं होतं. माझी सामोअन मैत्रीण सांगते, तिच्या आईच्या गल्लीत एकापुढे एक लाल कापडं फडकत होती.

म्हणजे दोन बाळं चुकीच्या द्रावकानं गेली आणि त्या चुकीनं जो विश्वास गेला त्यानं ८३ जण गेले. द्रावकाच्या कुपीवरचं नाव एकदा वाचायला किती वेळ लागतो? मी आता आमच्या शिकाऊ मुलींना मोठ्यानं वाचायला लावते. कुपी हातात घेतली की एकदा, औषध ओढताना एकदा, कुपी खाली ठेवताना एकदा. शेजारच्या नर्सला ऐकू गेलं पाहिजे.

हेच औषध सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिबमध्ये गोवराच्या लसीत गेलं होतं. १५ मुलं गेली. लस निर्दोष होती, दोन्हीकडे.

---

बालाघाट (६ मार्च, सकाळी ८.१०)

दक्षिणसागर, दुसऱ्या टेबलावर भलत्या औषधाची कुपी ठेवायचं मी जुन्या अनुभवातून ठरवलं होतं. आता ते टेबल सगळ्यांत आधी घेईन, आणि मोठ्यानं वाचायचं हे तुमच्याकडून घेते.

आपल्याकडे लस आणि द्रावक एकाच उत्पादकाचं असलं पाहिजे, आणि द्रावक २४ तास आधी आयएलआरमध्ये ठेवायचं, म्हणजे दोन्ही सारख्याच गारव्याची. विरघळवल्यावर कुपीवर वेळ लिहायची, चार तासांनंतर किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, ती वापरातून काढायची. गोवर-रुबेलाच्या लसीत जंतूंना मारणारं काही नसतं. दुपारची उघडी कुपी संध्याकाळी वापरली तर तिच्यात वाढलेले जंतू बाळाच्या अंगात जातात. काही तासांत ताप, उलट्या, जुलाब आणि मग फार वाईट.

---

जुनेदप्तर (६ मार्च, दुपारी १२.३०)

विषय माझ्या आवडीच्या कोपऱ्यात आला म्हणून एक जुनी नोंद. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगवर लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात त्या लसीनं १९ माणसं धनुर्वातानं दगावली. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. दोष हाफकिन यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, पद गेलं, वर्षानुवर्षं बदनामी झाली. १९०७ मध्ये निर्दोष ठरले. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच बाटलीच्या बुचाला लावला होता, असं पुराव्यात आलं.

प्रयोगशाळेत सगळं चोख आणि घात झाला तो गावातल्या टेबलाशी, एका चिमट्यानं. आणि ज्याच्या हातून पडला त्याला "चिमटा पडला तर काय करायचं" हे कुणी करून दाखवलं होतं की नाही, हे त्या चौकशीत कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

---

रोखठोक (६ मार्च, रात्री ११.२०)

वाचून खरं सांगायचं तर भीती बसली. आणि ३१ जानेवारी २०२१ विसरलात का? यवतमाळ जिल्ह्यात पल्स पोलिओच्या दिवशी १२ मुलांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले होते. आपल्या महाराष्ट्रात! अशा लोकांच्या हातात आम्ही मुलं द्यायची?

---

बालाघाट (७ मार्च, सकाळी ६.५०)

रोखठोक, विसरलेले नाही. त्या दिवशी मी स्वतः बूथवर होते, आमच्या जिल्ह्यात. बातमी संध्याकाळनंतर कळली आणि रात्रभर झोप नाही. मुलांना उलट्या झाल्या, दवाखान्यात ठेवलं, सगळी बरी झाली. तीन कर्मचारी निलंबित झाले.

तुमच्या रागाला मी नाव ठेवणार नाही. पण ते टेबल डोळ्यांसमोर आणा. कोविडचं वर्ष. प्रत्येक टेबलावर सॅनिटायझर, नियमानंच. समोर रांग, लहान मुलं रडतायत, दोन थेंब, बोटाला शाई, पुढचं. हात यंत्रासारखा चालायला लागतो. अशा वेळी वहीतलं वाक्य आठवत नाही. हाताला जी सवय आहे तीच चालते. पोलिओची कुपी कॅरिअरमधूनच काढायची, तिचा व्हीव्हीएम बघायचा, दुसरी कोणतीही बाटली टेबलाच्या त्या बाजूला येऊच द्यायची नाही, ही सवय असेल तर सॅनिटायझर हातात येत नाही. ती सवय लावणं हे प्रशिक्षणाचं काम. निलंबनानं त्या तिघांपुरतं झालं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या टेबलावरची बाटली त्यानं हलली नाही.

चूक झाली तर लपवू नये, हेही शिकवावं लागतं. गंभीर त्रास झाला तर २४ तासांत वर कळवायचं असतं, वापरलेल्या कुप्या ४८ तास जपून ठेवायच्या असतात, चौकशीसाठी. पण कळवलं की आधी तिलाच नोटीस येते असं सेविकेला वाटलं तर ती का कळवील? माझ्या १९९१ च्या सहायिकाबाईंनी मला शिक्षा केली असती तर पुढची गोठलेली कुपी मी गुपचूप फेकली असती.

आणि मुलं द्याच, दादा. १३ जानेवारी २०११ नंतर या देशात रानटी पोलिओचं एकही मूल सापडलं नाही. ते याच हातांनी केलं आहे.

---

सातपुडा (७ मार्च, दुपारी ४.००)

चौथ्या टेबलाबद्दल. मी नंदुरबारला, धडगावकडे शिक्षक आहे. नर्मदेकाठच्या पाड्यांवर आरोग्य पथक बोटीनं जातं. सिस्टर बाहेरगावच्या, त्या मराठीत चारही गोष्टी अगदी बरोबर सांगतात. समोरच्या आईला पावरी, तिथली आदिवासी बोली, तेवढी कळते. ती मान हलवते. रात्री बाळाला ताप येतो आणि पुढच्या बोटीला ती येत नाही. तिच्या दृष्टीनं सुईनं बाळ आजारी पाडलं. ताप येणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडच्या एका सिस्टरनं आशाताईकडून पावरीत पाच वाक्यं पाठ केली. उच्चार चुकायचे, बाया हसायच्या. पण यायला लागल्या. तिथल्या भाषेतली पाच वाक्यं हा प्रशिक्षणाचा भाग करा. आणि "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी सासूला काय सांगशील?" असं विचारा. ती जे सांगेल त्यावरून कळतं काय पोचलं ते.

---

वाडीवरचीआशा (८ मार्च, रात्री ९.३५)

सर्व ताईंना नमस्कार. मी आशा आहे, शिरूरकडची. आमच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर उसाला जातात. कारखान्यावर बाळाची तारीख येते, तिथल्या सिस्टरकडे त्याचं नाव नसतं, कार्ड इथे पत्र्याच्या पेटीत. मी आता टोळी निघायच्या आदल्या रात्री गाडीपाशी जाते आणि कार्ड आईच्या पिशवीत घालते. मोबाइलवर कार्डाचा फोटो काढून ठेवते. कारखान्यावरून फोन आला की सांगता येतं कुठली सुई राहिली. आता यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) नोंद असली की कुठेही दिसते म्हणतात, पण नोंद झाली तर.

ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाची सुई बाकी आहे त्याची यादी, कशी करायची हे प्रशिक्षणात सांगतात, पण यादीत नसलेलं बाळ कसं शोधायचं ते सांगत नाहीत. माहेरी आलेली लेक, वीटभट्टीवरचं कुटुंब, पालातले लोक. ते अंगणवाडीच्या रजिस्टरला नसतात. दळणाच्या गिरणीवर आणि पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की कळतं. आम्हाला प्रशिक्षणाला बोलवा, आम्ही सांगू.

---

बालाघाट (८ मार्च, रात्री १०.१०)

ताई, तुम्ही याच. चौथं टेबल तुमचं. मी वर बोलते.

---

बालाघाट (२१ एप्रिल, रात्री ८.२०)

परवा ती दुपार झाली. लांबलचक लिहीत नाही. ३१ मुली होत्या. प्रोजेक्टरवाला बिचारा बसून राहिला. खोलीभर सगळ्या जणी आइसपॅक कानाशी धरून हलवतायत, असं दृश्य मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. भलत्या औषधाची कुपी पहिल्या फेरीत सातजणींच्या हातून निसटली. मोठ्यानं वाचायला लावल्यावर दुसऱ्या फेरीत एकीच्याही नाही. अ‍ॅड्रेनॅलिनचा सराव पाचवामैल डॉक्टरांच्या पद्धतीनं घड्याळ लावून घेतला. पहिली वेळ चार मिनिटं दहा सेकंद, शेवटची एक मिनिट पस्तीस. शिरूरच्या आशाताई आल्या होत्या. त्यांना अर्धा तास दिला होता, सव्वा तास लागला आणि कुणी उठलं नाही.

जमलं नाही ते मोसंबीचं. आडवी सुई एका दुपारी येत नाही. त्यासाठी मी पुढचे तीन मंगळवार त्यांच्यातल्या काही जणींच्या सत्रांना शेजारी जाऊन बसणार आहे. माझी काही ड्युटी नाही, पण परवानगी मिळाली आहे.

---

मोगरा (२१ एप्रिल, रात्री ९.००)

एक मिनिट पस्तीस! ताई, तुम्हाला नमस्कार. आमच्या गोवरच्या पहिल्या डोसाला अजून वेळ आहे, पण तेव्हा मी सिस्टरना कुपीवरची वेळ विचारणार आहे.

---

नवीसेविका३१ (२९ एप्रिल, दुपारी १.४०)

मॅडम, मी त्या प्रशिक्षणात होते, मोसंबीच्या टेबलावर शेवटी बसलेली. आज सत्राला आहे. उसाहून परत आलेलं एक बाळ आणलंय, दहा महिन्यांचं, गोवर-रुबेला राहिलाय. एकच बाळ आहे आणि आता दुसरं कुणी येईल असं वाटत नाही. कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया जातील, वेस्टेज वाढलं म्हणून विचारणा होईल. त्यांना पुढच्या महिन्यात या म्हणू का? आई बाहेर थांबली आहे.

---

बालाघाट (२९ एप्रिल, दुपारी १.४४)

फोड. एका बाळासाठीही फोडायची, नियम तोच आहे. पुढच्या महिन्यात ते कुठे असतील कुणाला माहीत. द्रावकाचं नाव मोठ्यानं वाच, वेळ लिही, उजव्या दंडावर दे, अर्धा तास बसव. आणि ती बसलेली असताना विचार, सोबतच्या टोळीत आणखी कुणाचं बाळ आहे का.

---

नवीसेविका३१ (२९ एप्रिल, दुपारी ३.२५)

दिली, १.५२ ला. टोळीत आणखी दोन निघाली. आशाताई आणायला गेल्यात. कुपी आइसपॅकच्या खळग्यात आहे, ५.५२ पर्यंत वेळ आहे.